नोकरी सुटल्यावर बंदी कसली?

कोल्हापूरजवळ शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कुठल्याही फाउंड्रीवाल्याशी, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखानदाराशी, बोलायला बसा, पहिली तक्रार एकच असते: माणसं टिकत नाहीत. पोरगं डिप्लोमा करून येतं, दोन वर्षं चुकत-माकत शिकतं आणि हाताशी आलं म्हणेपर्यंत चार हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या प्लॉटवर जातं. यावर अनेकांनी आता एक औषध धरलंय, ते म्हणजे नेमणूकपत्रातलं नॉन-कॉम्पिटचं कलम. नोकरी सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं त्याच प्रकारच्या कारखान्यात काम करायचं नाही. त्यावरून सध्या जी भांडणं ऐकू येतात, त्यात एक बाजू म्हणते, "शिकवायचं आम्ही आणि न्यायचं दुसऱ्यानं?" दुसरी बाजू म्हणते, "हे कलम कायद्यानं रद्दच आहे, बिनधास्त सही कर." मला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद कच्चा वाटतो. पहिली बाजू कारखान्याचं गुपित आणि कामगाराचं कौशल्य यांची गल्लत करते. दुसऱ्या बाजूला हे दिसत नाही, की रद्द असलेलं कलमही आपलं काम चोख बजावतं. नोकरी संपल्यानंतरची बंदी नुसती अवैध असून भागत नाही; ती नेमणूकपत्रात लिहिणाऱ्याला त्याची झळ बसली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण वादात त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २७ नुसार कुणालाही कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. अपवाद लिहिलाय तो गुडविलसकट, म्हणजे नावलौकिकासकट, धंदा विकणाऱ्याचा. त्यानं विकत घेणाऱ्याच्या दारात पुन्हा तेच दुकान मांडू नये, एवढी अट घालता येते. नोकरदाराचा त्यात उल्लेख नाही. १९६७ च्या निरंजन गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका सुपरवायझरवरची बंदी कायम ठेवली. ती पाच वर्षांच्या कराराच्या मुदतीतली बंदी होती; करार चालू असताना तो प्रतिस्पर्धी कंपनीत गेला होता. नोकरी संपल्यानंतरची गोष्ट निराळी. १९८० च्या कृष्ण मुरगई खटल्यात न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी नोकरीनंतरची बंदी कलम २७ खाली टिकत नाही, असं स्वच्छ लिहून ठेवलं. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरणही याच वाटेनं गेलं. करार संपल्यावर जाहिरातींचं काम पाहायला नवी कंपनी धरण्याआधी जुन्या कंपनीला संधी द्यायची, अशी त्याच्यावर अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अमलात आणू दिली नाही. करार चालू असताना बंदी चालते, संपल्यावर नाही, ही रेघ आपल्या न्यायालयांनी बऱ्यापैकी सातत्यानं सांभाळली आहे.

मग अडचण कुठे आहे? माझ्या ओळखीतल्या एका मेथड इंजिनिअरचं नेमणूकपत्र मी वाचलंय. साच्यात धातू कुठून आत घ्यायचा, रनर किती जाड, रायझर कुठे ठेवायचा, आकुंचनाची पोकळी कशी टाळायची, हे ठरवणं त्याचं काम. पत्र सगळं इंग्रजीत. शेवटून दुसऱ्या पानावर, रजेच्या नियमांच्या खाली, बारीक टायपात कलम होतं: नोकरी कोणत्याही कारणानं संपली तरी पुढची दोन वर्षं कारखान्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत कास्टिंग करणाऱ्या कुठल्याही उद्योगात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काम करणार नाही, केल्यास सहा महिन्यांचा पगार भरून देईन. शिरोलीपासून दीडशे किलोमीटर म्हणजे सांगली, सातारा, बेळगाव, सगळंच त्यात आलं. त्याला कागलच्या वसाहतीत चांगली नोकरी लागली, राजीनामा दिला, नोटीस पिरियडही भरला. जुन्या कंपनीनं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडवलं आणि वकिलाची नोटीस पाठवली, एक प्रत थेट नव्या कंपनीला. तिथल्या एचआरनं सांगितलं, "आधी तिकडचं मिटवा, मग या." महिनाभर वाट पाहून त्यांनी दुसरा माणूस घेतला. हा राजीनामा मागे घेऊन जुन्याच टेबलावर, जुन्याच पगारावर परत गेला. या सगळ्यात कोर्टाची पायरी कुणीही चढलं नाही, आणि चढण्याची कुणाला गरजही पडली नाही.

तो कोर्टात गेला असता तर बहुधा जिंकला असता. पण घराचा हप्ता आणि पोराची फी दर महिन्याला येते. निकाल काही दर महिन्याला येत नाही. बाहेरगावच्या कंपनीत लागलेल्या मुलांची अवस्था याहून बिकट. त्यांच्या पत्रात आणखी एक ओळ असते, की वाद झाल्यास फक्त मुंबई, बंगळुरू किंवा चेन्नईच्या न्यायालयात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँक कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात अशी अट वैध ठरवली. पाटण्याच्या कर्मचाऱ्याला दाद मागायला मुंबई गाठावी लागणार. लांबच्या कोर्टाचा अर्थ कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ ला इथलं कामकाज सुरू झालं. उच्च न्यायालय दारात आलं, आणि नेमणूकपत्रातली एक ओळ आमच्या पोरांचा न्याय पुन्हा शेकडो किलोमीटर लांब नेऊन ठेवते.

आता मालकांची बाजू, कारण ती खोटी नाही. चाळीस माणसांच्या फाउंड्रीत मेथडिंग जाणणारा एखादाच असतो. तो गेला की रिजेक्शन वाढतं, ग्राहकाच्या तक्रारी येतात, आणि गिऱ्हाईक मोठी वाहन कंपनी असेल तर एका बिघडलेल्या लॉटवरून ऑर्डर जाते. ग्राहकानं विश्वासानं दिलेली ड्रॉइंग असतात. नव्या माणसाच्या शिकण्यात वाया गेलेला धातू, वीज आणि वेळ मालकाच्याच खिशातून जातो. दोन वर्षं हा खर्च सोसायचा आणि पीक शेजाऱ्यानं कापायचं, याचा राग येणं साहजिक आहे. छोट्या कारखानदाराला बड्या कंपनीच्या पगाराशी टक्कर देता येत नाही, हेही खरं.

पण या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. ग्राहकाचं ड्रॉइंग, किमतींची यादी, वाळूच्या मिश्रणाचं खास प्रमाण, कंपनीनं पैसे खर्चून बसवलेली एखादी पद्धत ही कारखान्याची मालमत्ता. ती उचलून नेणारा दोषी आहे, आणि त्याला अडवायला गोपनीयतेचा करार आहे, मनाई हुकूम आहे. जाणाऱ्या माणसाची नजर, हाताचा अंदाज, ओतलेल्या धातूचा रंग पाहून तापमान ओळखणं, हे मात्र त्याचं स्वतःचं. ते त्यानं कारखान्यात कमावलं हे खरं, पण त्या काळात त्यानं कारखान्याला कामही दिलं. त्या कामाचा पगार मिळाला. पुढच्या दोन वर्षांच्या बंदीचा कुठला मोबदला मिळाला? ज्या मालकाला शिकवण्याच्या खर्चाची खरोखर चिंता आहे, त्याला किमान सेवेचा बाँड घेता येतो. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, आणि ती कलम २७ च्या आड येत नाही असंही सांगितलं. म्हणजे खर्च वसूल करण्याचा सरळ मार्ग कायद्यानं उघडा ठेवलाय. बाँडमध्ये माणूस पैसे भरतो आणि आपला धंदा करायला मोकळा होतो. नॉन-कॉम्पिटमध्ये त्याच्याकडून धंदाच काढून घेतला जातो. ज्याला दोन्हींतलं दुसरंच हवं आहे, त्याला खर्च परत हवा आहे की माणूस कोंडून ठेवायचा आहे?

दुसरा आक्षेप नेहमीचा: सज्ञान माणसानं वाचून सही केली, मग रडायचं कशाला? सही स्वेच्छेची म्हणायची तर 'नाही' म्हणण्याची सोयही हवी. नेमणूकपत्र येतं तेव्हा मुलानं जुनी नोकरी सोडलेली असते किंवा घरात नोकरीचे पेढे वाटून झालेले असतात. पत्र छापील, कलमं ठरलेली, बदल सुचवला तर "सगळ्यांनी असंच दिलंय" हे उत्तर. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच ओळखलं होतं, की ताकद इतकी विषम असते तिथे ठिपक्यांच्या ओळीवर केलेल्या सहीला मुक्त संमती म्हणता येत नाही. आपल्या भागात ऊसतोडणीच्या टोळ्या उचल घेऊन बांधल्या जातात, आणि त्या पद्धतीच्या जाचाबद्दल आपण हळहळतो. उचल घेणाऱ्याच्या हातात निदान पैसे तरी पडतात. नॉन-कॉम्पिटवर सही करणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही, आणि बांधला मात्र तोही जातो.

माणसाला कामाला आणि कामाला मालकाला जखडण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजांनी १८५९ मध्ये कायदा केला होता: आगाऊ रक्कम घेऊन काम सोडलेल्या कारागिराला मॅजिस्ट्रेट कामावर परत धाडू शकत असे, आणि न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात. तो रद्द करण्याचा कायदा व्हायला १९२५ साल उजाडलं. त्याच्याही आधी या संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बलुतेदारी आणि महार वतनाची जोखडं काढायला घेतली, आणि १९२० मध्ये वेठबिगारीवर बंदी आणली. तेव्हाही गाव कसं चालणार, कामं कोण करणार, हा आक्षेप होता. माणसाच्या अंगातलं कसब त्याचं स्वतःचं आहे आणि ते घेऊन तो हव्या त्या दारी जाऊ शकतो, हे तत्त्व कोल्हापूरला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

याहून वजनदार युक्तिवाद मध्यममार्गी लोकांचा आहे. ते म्हणतात, सरसकट रद्द कशाला, वाजवी असेल तेवढी बंदी चालू द्या. इंग्लंडमध्ये १७११ पासून वाजवीपणाची कसोटी आहे. आपल्या विधी आयोगानंही १९५८ च्या आपल्या तेराव्या अहवालात कलम २७ त्या दिशेनं सैल करावं अशी शिफारस केली होती. संसदेनं ती स्वीकारली नाही. कागदावर ही कसोटी समजूतदार दिसते. पण वाजवी काय ते ठरवणार कोण? न्यायालय. आणि न्यायालयापर्यंत कोण पोचतं, ते वर पाहिलंच. शिवाय वाजवीपणाची मोजपट्टी महानगर डोळ्यांपुढे ठेवून बनते. लंडनमध्ये, अगदी पुण्यातही, एका प्रकारच्या कामाची बंदी आली तर बाजूचं दुसरं काम मिळतं. कोल्हापूरच्या पट्ट्यात धातू ओतायचा आणि त्याला आकार द्यायचा हाच मुख्य उद्योग. हुपरीच्या चांदी कारागिराला चांदीपासून आणि इचलकरंजीत यंत्रमाग जुळवणाऱ्या जॉबरला मागापासून दोन वर्षं लांब राहा म्हणणं, म्हणजे गाव सोड म्हणणंच आहे. म्हातारे आई-बाप करवीर तालुक्यात, दीड-दोन एकर ऊस, बायकोची नोकरी इथल्या शाळेत. अशा माणसाला दीडशे किलोमीटरची अट म्हणजे तडीपारीच. पोलिसांना कुणाला तडीपार करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. इथे एका टाइप केलेल्या परिच्छेदानं ते काम होतं.

आणि ज्यांना वाटतं की माणसं अशी सुटी राहिली तर धंदा वाढणार नाही, त्यांनी आपल्याच शहराचा इतिहास पाहावा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, स्वतः कॅमेरा बनवला आणि हाताखाली माणसं घडवली. त्यांपैकी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर १९२९ मध्ये बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन याच गावात प्रभात फिल्म कंपनी काढली. धंदा तोच, गाव तेच, विद्या गुरूच्या घरची. आजच्या नेमणूकपत्राच्या हिशेबात हा सरळसरळ करारभंग. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही, ही किंमत नाकारता येणार नाही, आणि बाबूरावांबद्दल वाईट वाटणंही योग्यच आहे. पण दोन वर्षं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असं त्या चौघांना बजावलं असतं तर मराठी सिनेमाचं काय झालं असतं? शांतारामांनी पुढे प्रभात सोडली आणि १९४२ मध्ये राजकमल उभी केली, हा त्याच साखळीतला पुढचा दुवा. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीचंही तेच. एका वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसवायचा, चार पैसे गाठीला बांधायचे आणि दोन गल्ल्या सोडून आपली शेड टाकायची, या रीतीनं ते वाढलं. आज नॉन-कॉम्पिटचा आग्रह धरणाऱ्या कित्येक मालकांचे वडील किंवा आजोबा असेच कुणाची तरी नोकरी सोडून बाहेर पडलेले होते.

अमेरिकेतली साक्षही हेच सांगते. कॅलिफोर्नियानं १८७२ मध्येच, म्हणजे आपला करार कायदा झाला त्याच वर्षी, अशी बंदी रद्द ठरवली. न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी केलेल्या कायद्याच्या मसुद्याचा धागा दोन्हीकडे सापडतो. १९५७ मध्ये तिथे ट्रान्झिस्टरचे संशोधक शॉक्ली यांच्या प्रयोगशाळेतून आठ तरुण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही सेमीकंडक्टर कंपनी काढली. त्यांतल्या दोघांनी १९६८ मध्ये इंटेल. सिलिकॉन व्हॅली या कायद्याच्या छत्राखाली वाढली.

आता "बिनधास्त सही कर" म्हणणाऱ्यांविषयी. त्यांच्या सल्ल्यानं मुलं अडचणीत येतात, कारण नेमणूकपत्रातलं सगळंच काही रद्द नसतं. बाँड टिकू शकतो. गोपनीयतेची अट टिकते. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट टिकते. म्हणून सही करण्याआधी ही कलमं वेगवेगळी वाचायला हवीत, आणि नॉन-कॉम्पिट काढून टाकायची विनंती ई-मेलवर करायला हवी. नकार मिळाला तरी विचारल्याची नोंद राहते. नवी नोकरी पाहताना हे कलम लपवणं सगळ्यात घातक. नव्या कंपनीला वकिलाच्या नोटिशीतून ते कळलं तर ती घाबरते. तुम्ही स्वतः कागद पुढे ठेवून कलम २७ समजावून सांगितलं तर बहुतेकदा घाबरत नाही. बाहेर पडताना नोटीस पिरियड भरा, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, ड्रॉइंग सगळं परत करा आणि त्याची पोच घ्या. मोबाइलमध्ये काढलेला पॅटर्नचा एखादा फोटो, स्वतःच्या मेलवर पाठवलेली एक एक्सेल शीट, यानं सगळी बाजी उलटते, कारण मग प्रश्न तुमच्या कौशल्याचा राहत नाही, चोरीचा होतो. नोटीस आली तर गप्प बसू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. सहा महिन्यांचा पगार भरण्याच्या धमकीनंही हबकू नका: करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि मुळात अटच रद्द असेल तर भरपाई कशाची?

पण प्रत्येक पोरानं वकील गाठावा, यावर व्यवस्था उभी राहू शकत नाही. १४१४ साली इंग्लंडमध्ये एका रंगाऱ्याकडून सहा महिने गावात धंदा करणार नाही असं लिहून घेतलं होतं. न्यायमूर्ती हल यांनी ते रद्द तर ठरवलंच, वर लिहून घेणारा समोर असता तर दंड भरेपर्यंत त्याला तुरुंगात ठेवलं असतं, असंही सुनावलं. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायाधीशाला जे उमगलं, ते आपल्या कायद्यात अजून आलेलं नाही: अशी अट रद्द ठरवण्याची सगळी मेहनत सही करणाऱ्याच्या माथी मारायची नसते. कॅलिफोर्नियानं हा बदल नुकताच केला. २०२४ च्या सुरुवातीपासून तिथे असं कलम करारात घालणं हेच बेकायदा आहे, आणि आधी घातलेलं असेल तर ते रद्द असल्याचं कर्मचाऱ्यांना लेखी कळवणं मालकांना भाग पडलं. आपल्याकडे याची संधी समोर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय. नोकरी संपल्यानंतरच्या बंदीचं कलम त्यात घालता येणार नाही, घातल्यास दंड, आणि अशा कलमाच्या जोरावर रिलीव्हिंग लेटर अडवल्यास भरपाई, एवढं नियमांत आलं तरी नोटिशींचा हा धंदा बराचसा थांबेल.

स्मॅक (शिरोलीची), गोशिमा (गोकुळ शिरगावची) आणि इतर कारखानदार संघटनांनी मात्र दिल्ली-मुंबईची वाट पाहायची गरज नाही. नोटीस पिरियड, नेमक्या शब्दांतली गोपनीयता, दर वर्षी घटत जाणारा बाँड आणि शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, एवढं असलेलं मराठीतलं एक नमुना नेमणूकपत्र त्यांना आपल्या सभासदांपुढे ठेवता येईल. पुढच्या वर्षीचे डिप्लोमाचे कॅम्पस इंटरव्ह्यू लागण्याआधी हे काम होऊ शकतं.